बाटली केव्हा उघडावी?

काडेपेटी आणायला पाठवलेल्या मुलाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. काड्या चांगल्या आहेत ना, असे विचारल्यावर तो म्हणतो, 'हो, एकूण एक काडी पेटवून पाहिली!' वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. पण त्या मुलाची अडचण खरी आहे. काही वस्तूंची परीक्षा घ्यायची तर ती वस्तूच खर्ची पडते.

फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी प्रांतात ही अडचण दोन-अडीचशे वर्षे लोकांना छळते आहे. तेथील लाल वाइन बाटलीत बंद करून वर्षानुवर्षे ठेवतात. आपल्याकडे लोणचे मुरते तशी ती मुरते, तिची चव आणि गंध खुलतो. पण फार काळ ठेवली तर ती उतरते. मग बाटली उघडायची केव्हा? उघडल्याखेरीज कळत नाही, आणि उघडली की प्रयोग संपला.

शिक्षकांच्या मासिकात वाइनचा विषय कशाला, असे कोणी विचारील. वाइन प्यावी असे येथे सुचवायचे नाही. पण या एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना माणसे हवा, सूक्ष्मजीव आणि रासायनिक अभिक्रियांचा वेग यांबद्दल पुष्कळ काही शिकली. ती हकिकत सांगण्याजोगी आहे.

जुनी ती आंबट

बर्गंडीतील द्राक्षबागांचा इतिहास मोठा आहे. सन १०९८ मध्ये तेथे सितो येथे एक मठ स्थापन झाला. त्या मठातील साधूंनी पुढे व्हूजो गावी दगडी भिंतीने बंदिस्त केलेली बाग उभी केली; सुमारे ५० हेक्टरांची ती बाग आजही आहे. १३९५ साली तेथील ड्यूक फिलिप याने गामे नावाची भरपूर पीक देणारी जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पिनो न्वार ही नाजूक, कमी पिकणारी जात मागे राहिली. बर्गंडीची नामांकित लाल वाइन आजही या एकाच जातीपासून करतात.

पण या साधूंना किंवा ड्यूकना वर्षानुवर्षे मुरवलेली वाइन ठाऊक नव्हती. त्या काळी वाइन लाकडी पिंपात असे. पिंपातून थोडी थोडी वाइन काढली की वरच्या रिकाम्या जागेत हवा शिरे आणि वाइन आंबू लागे. म्हणून मध्ययुगात नव्या वाइनला भाव जास्त आणि गेल्या वर्षीच्या वाइनला कमी, असा उलटा बाजार होता.

हे चित्र पालटले ते काच आणि बूच यांच्यामुळे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकडाऐवजी दगडी कोळसा वापरू लागले. भट्टीची उष्णता वाढली आणि जाड, मजबूत बाटल्या होऊ लागल्या. त्यांच्या तोंडाशी घट्ट बसणारे, ओकच्या एका जातीच्या सालीचे बूच मिळाले. फ्रान्समध्ये १७३५ साली बाटलीचे वजन आणि आकारमान ठरवून देणारा राजाचा हुकूम निघाला. आता वाइन थांबू शकत होती. थांबल्यावर ती सुधारते, हे लोकांच्या ध्यानात आले. मात्र का सुधारते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

पाश्चरच्या दोन नळ्या

१८६० साली फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापारी करार झाला आणि फ्रेंच वाइनला इंग्लंडची बाजारपेठ खुली झाली. पण वाइन वाटेतच बिघडे. कुठे आंबटपणा, कुठे चिकटपणा; बर्गंडीच्या उंची वाइनला तर कडूपणाचा रोग होई. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने हे काम लुई पाश्चर यांच्याकडे सोपवले. पाश्चर यांचे बालपण गेले ते आर्ब्वा हे गाव बर्गंडीला लागून असलेल्या ज्यूरा भागातले, आणि तेथेही द्राक्षबागाच होत्या. त्यामुळे विषय त्यांच्या घरचाच होता.

वाइनचे रोग सूक्ष्मजीवांमुळे होतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाने दाखवले. बंद बाटली ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवली तर ते मरतात, असे आढळल्यावर १८६५ मध्ये त्यांनी या कृतीचे पेटंट घेतले. आपल्या दुधाच्या पिशवीवर त्यांचे नाव येते ते या वाइनमुळे.

पण लोकांनी रास्त शंका काढली. तापवलेली वाइन पुढे मुरेल का? मुरणे हे जर सूक्ष्मजीवांचे काम असेल, तर त्यांना मारल्यावर मुरणेही थांबायला हवे. पाश्चरना याचे उत्तर प्रयोगाने द्यावे लागले. त्यांनी काचेच्या काही नळ्या लाल वाइनने काठोकाठ भरून बंद केल्या. दुसऱ्या काही नळ्या अर्ध्याच भरल्या आणि उरलेल्या जागेत हवा ठेवून बंद केल्या. काठोकाठ भरलेल्या नळ्यांतील वाइन होती तशीच राहिली. अर्ध्या भरलेल्या नळ्यांत मात्र रंग फिका, विटकरी झाला, तळाशी साका बसला आणि वाइन जुनी झाल्यासारखी लागू लागली. निष्कर्ष स्पष्ट होता : वाइन मुरवणारा सूक्ष्मजीव नसून ऑक्सिजन होता. १८६६ मध्ये त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले.

तापवलेल्या आणि न तापवलेल्या वाइनची तुलना करण्यासाठी त्यांनी चव पारखणाऱ्या व्यापाऱ्यांची समिती बोलावली होती. त्या वेळी त्यांनी एक गंमत केली. एकाच बाटलीतून भरलेले दोन पेले 'वेगवेगळे' म्हणून पुढे ठेवले, आणि जाणकारांना त्यांतही फरक जाणवला! कोणता नमुना कोणता हे परीक्षकाला कळू न देता परीक्षा का घ्यावी लागते, हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मित्र की शत्रू?

पाश्चर यांचे मत सर्वांना पटले नाही. त्यांचे समकालीन रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांचे म्हणणे, ऑक्सिजनमुळे वाइनचा सुगंध नष्ट होतो. उघडी ठेवलेली जुनी बाटली पाहिली तर तेही खोटे नव्हते. पुढे १९३० च्या दशकात बोर्डो येथील जाँ रिबेरो-गेयाँ यांनी आणखी एक भेद दाखवला. लाकडी पिंपात असताना वाइनला ऑक्सिजन उपकारक ठरतो, पण बाटलीतील मुरणे मुख्यतः त्याच्या अभावातच होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग खरे कोणाचे? थोडा हिशेब करू. चांगल्या बुचातून वर्षाला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन आत झिरपतो. आता ७५० मिलिलिटरची बाटली उघडून अर्धी रिकामी केली, तर आत ३७५ मिलिलिटर हवा शिरते. तिच्यातील एक पंचमांश ऑक्सिजन धरला तर त्याचे वजन सुमारे १०० मिलिग्रॅम भरते. म्हणजे बूच शंभर वर्षांत जेवढा देईल, तेवढा ऑक्सिजन एका संध्याकाळी आत येतो! औषध आणि विष यांत फरक मात्रेचा, ही आपल्याकडची जुनी समजूत येथे आकड्यांत दिसते.

बाटलीत नेमके काय घडते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडत गेले. लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे असतो. आपल्या जांभळाचा रंगही त्याच कुळातला. साली आणि बियांतून टॅनिनही उतरते. ते लाळेतील प्रथिनांना धरते, म्हणून तोंड तुरट होते. अल्पशा ऑक्सिजनमुळे अल्कोहोलचे किंचित ॲसिटाल्डिहाइड बनते, आणि ते टॅनिन व रंगद्रव्य यांचे रेणू एकमेकांना जोडते. काही जोडण्या ऑक्सिजनशिवायही होतात. जुन्या वाइनचा रंग अशा जोडलेल्या मोठ्या रेणूंचा असतो, हे ऑस्ट्रेलियातील सॉमर्स यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यांतले काही रेणू इतके मोठे होतात की साका होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो, जांभळट रंग विटकरी होतो, ताज्या फळाचा वास मागे पडून ओल्या पाचोळ्याचा, अळंब्यांचा वास येऊ लागतो.

पिनो न्वारची साल पातळ. तिच्यात रंगद्रव्य आणि टॅनिन दोन्ही बेताचे. म्हणून बर्गंडीची वाइन मुळातच फिकी असते, आणि ती ऐन बहरात असण्याचा काळ हेरणे अधिक अवघड जाते.

मग उत्तर काय?

ठोकताळे आहेत. साध्या, गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बर्गंडीला बहुधा ५ ते ८ वर्षे पुरतात. अव्वल दर्जाच्या बागांतील वाइनला १० ते २० वर्षे, कधी अधिकही लागतात. हंगामही पाहावा लागतो : २००५ च्या वाइन भरघोस टॅनिनच्या, दीर्घकाळ थांबायला लावणाऱ्या निघाल्या, २००७ च्या हलक्या, लवकर तयार झालेल्या. तळघराचे तापमान १२-१३ अंश असावे. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा नियम आपण शिकवतोच. मात्र सर्व अभिक्रिया सारख्या पटीने वाढत नाहीत. म्हणून उन्हाळ्याच्या उष्णतेत ठेवलेली वाइन नुसती लवकर मुरत नाही, बिघडते.

हे सगळे सांभाळले तरी शेवटची अडचण उरतेच. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेने एकच पांढरी वाइन वेगवेगळ्या प्रकारची बुचे व झाकणे लावून बाटल्यांत भरली. काही वर्षांनी बाटल्या रांगेत मांडल्या तेव्हा काही फिक्या पिवळ्या, तर काही तपकिरी झालेल्या होत्या. वाइन एक, दिवस एक, खोली एक. फरक होता तो तोंडाशी बसवलेल्या वस्तूचा. नैसर्गिक सालीचे बूच तर एकासारखे दुसरे नसतेच. म्हणून जुन्या बाटल्यांबद्दल जाणकार म्हणतात की चांगली वाइन नसते, चांगली बाटली असते.

व्यवहारी माणसांनी यावर काढलेला तोडगा संख्याशास्त्राचा आहे. एकाच वाइनच्या बारा बाटल्या घ्यायच्या. आठव्या वर्षी एक उघडायची. तुरट लागली तर दोन-तीन वर्षे थांबून दुसरी. चव जुळली की उरलेल्या पुढच्या काही वर्षांत संपवायच्या. फार मोहात पडून शेवटच्या बाटलीसाठी आणखी दहा वर्षे थांबणाऱ्याच्या पदरी बहुधा आंबट पाणी पडते. काडेपेटीतल्या मुलाने दोन-तीनच काड्या ओढून पाहिल्या असत्या, तर त्याला कोणी हसले नसते.

कारण समजणे आणि भाकीत करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटल्यांचा समूह कसा वागेल हे पाश्चरनंतरचे विज्ञान बऱ्यापैकी सांगते. हातातली ही एक बाटली कशी असेल, हे ते फक्त शक्यतेच्या भाषेत सांगू शकते. पाऊस, औषधाचा गुण, परीक्षेतला विद्यार्थी, सर्वांनाच हे लागू आहे.

वर्गात करून पाहा

पाश्चर यांचा प्रयोग वाइनशिवायही करता येतो. ग्रीन टीचा काढा करून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. अभिक्रिया लवकर व्हावी म्हणून सोडा. काढा कोमट झाला की एक लहान बाटली काठोकाठ भरून झाकण लावा. दुसरी तशीच बाटली पाव भरा, झाकण लावून हलवा. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींचा रंग ताडून पाहा. काढा पिऊ नये. मग विद्यार्थ्यांना विचारा : काठोकाठ भरलेल्या बाटलीत आता नेमके काय चालले आहे, हे ती न उघडता आपल्याला कशाकशावरून सांगता येईल?