रुंद वरंबा : एका शोधाचा अर्धशतकाचा प्रवास

हिंगोली जिल्हा वयाने लहान आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतली त्याची बरीच जमीन काळी आहे. वर्षाचा पाऊस सरासरीने आठशे-नऊशे मिलिमीटर, म्हणजे आकड्यावरून तुटपुंजा म्हणता येणार नाही असा. तरीही येथील शेतकऱ्याच्या तोंडी दोन तक्रारी असतात. एका वर्षी पाण्यावाचून पीक वाळते, तर दुसऱ्या वर्षी पाण्याने सडते. कधी कधी एकाच हंगामात दोन्ही घडते.

या दुहेरी दुखण्यावरचा एक उपाय आपल्या शेजारी पन्नास वर्षांपूर्वीच सापडला होता. तो शेतापर्यंत यायला इतका काळ का लागला, हा या लेखाचा विषय आहे. शोध आणि समाज यांचे नाते विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे असेल, तर त्यासाठी वाफेच्या इंजिनापर्यंत जाण्याची गरज नाही. उदाहरण शाळेच्या कुंपणापलीकडे आहे.

आधी मातीविषयी थोडे. खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. या चिकणमातीतील खनिजाचे थर पाणी शोषून फुगतात व वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून झपाट्याने आत जाते. पण माती फुगून भेगा बुजल्या, की पाणी मुरण्याचा वेग घटत घटत ताशी एक मिलिमीटरहूनही खाली येतो. मग पुढचा पाऊस एकतर साचतो किंवा मातीचा वरचा थर घेऊन ओघळीला लागतो. साचलेल्या पाण्यामुळे मातीतील हवा बाहेर ढकलली जाते आणि मुळे गुदमरतात. ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याच्या स्थितीला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. काळ्या जमिनीतली सारी शेती ही वाफसा मिळवण्याची आणि टिकवण्याची धडपड आहे.

या जमिनीसाठी सरकारी धोरणाने आधी एक वेगळा उपाय निवडला होता. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि समपातळीत बांध घालण्याच्या कामाला वेग आला. पुढे दुष्काळी कामांत व रोजगार हमी योजनेतही बांधबंदिस्ती हे हुकमी काम ठरले. हलक्या, उथळ जमिनीत या बांधांचा उपयोग होतो. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबे आणि तेथले पीक पिवळे पडे. माती वाळताना बांधालाही भेगा जात आणि मोठ्या पावसात तो फुटे. सगळ्या जमिनींना एकच औषध देण्याचा हा परिणाम होता.

१९७२ हे वर्ष महाराष्ट्राला दुष्काळामुळे आठवते. त्याच वर्षी आपल्या भागासाठी महत्त्वाच्या दोन संस्था सुरू झाल्या. १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९१८ सालापासून, निजामाच्या काळापासून, चालत आलेल्या शेती संशोधनाचा वारसा परभणीत होताच. दुसरी संस्था म्हणजे हैदराबादजवळ पटनचेरू येथील इक्रिसॅट, कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या आवारातही आपल्यासारखीच खोल काळी जमीन आहे.

इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी तेथे १९७६ साली एक दीर्घकालीन प्रयोग सुरू केला. सपाट रानाऐवजी सुमारे दीड मीटर रुंदीचे पट्टे पाडायचे. त्यात सुमारे एक मीटरचा उंच, रुंद वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी. सरीला अगदी सौम्य उतार द्यायचा. पीक वरंब्यावर घ्यायचे. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून सावकाश बाहेर जाते आणि वरंब्यावर वाफसा टिकतो. पावसाने ताण दिला तर सरीत मुरलेली ओल पिकाच्या कामी येते. एकच रचना दोन्ही संकटांत उपयोगी पडते, हे तिचे वैशिष्ट्य. सुधारित बियाणे, खत आणि वर्षातून दोन पिके यांची जोड दिल्यावर या पद्धतीत हेक्टरी सरासरी सुमारे पाच टन धान्य निघाले. शेजारच्या पारंपरिक तुकड्यात ते एक टनाच्या थोडेच वर होते. पारंपरिक तुकड्यातून वर्षाला हेक्टरी सहा टनांहून अधिक माती वाहून जाई, तर वरंब्याच्या रानातून सुमारे दीड टन. उत्पन्नातली सारी वाढ एकट्या वरंब्यामुळे झाली नव्हती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. माती वाचली, यात मात्र वरंब्याचा वाटा मोठा होता.

१९८१ च्या सुमारास हे तंत्र तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील तड्डनपल्लीसारख्या गावांत नेण्यात आले. वरंबे पाडण्यासाठी बैलांनी ओढायचा, चाकांचा, अनेक अवजारे जोडता येणारा गाडा निवडला होता. तो मजबूत होता आणि त्याचे कामही नेटके होते. प्रकल्पाची माणसे गावात असेपर्यंत तो चालला आणि ती परतल्यावर कोपऱ्यात पडला. हे केवळ आपल्याकडे घडले नाही. पॉल स्टार्की या अभ्यासकाने १९८८ साली अशा गाड्यांचा जगभरचा हिशेब मांडला. तीन दशकांत पंचेचाळीसहून अधिक नमुन्यांचे सुमारे दहा हजार गाडे तयार झाले होते. पण शेतकऱ्यांनी बहुउपयोगी अवजार म्हणून वर्षानुवर्षे वापरलेले गाडे नगण्य होते. परिपूर्ण असूनही नाकारलेले यंत्र, असा त्याच्या पुस्तकाच्या नावाचाच आशय आहे.

शेतकऱ्याने ते का नाकारले? ‘अडाणीपणा’ हे त्याचे सोपे आणि चुकीचे उत्तर आहे. गाडा साध्या तिफण-वखराच्या मानाने फार महाग होता. तो बिघडला तर गावच्या सुताराला व लोहाराला दुरुस्त करता येत नव्हता. सरीचा उतार पाणलोटाप्रमाणे द्यायचा, तर तो चार जणांच्या बांधांवरून जाणार. वरच्याने सोडलेले पाणी खालच्याने घ्यायचे कसे? शिवाय गाडा, खत, बियाणे, कर्ज आणि जमिनीची आखणी हे सारे एकदम स्वीकारायचे होते. त्यातले एक निखळले की बाकीचे कोसळे. प्रयोगक्षेत्रात या सर्व गोष्टी संस्थेने पुरवल्या होत्या. गावात त्या कोणी पुरवायच्या, हे ठरलेलेच नव्हते.

यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत दोन बदल झाले आणि दोन्ही वरंब्यासाठी झाले नव्हते. पहिला बदल म्हणजे सोयाबीन. जबलपूरचा जे.एस. ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला, तर परभणीचा एमएयूएस ७१ हा २००२ मध्ये. ज्वारी आणि कापूस मागे सारून सोयाबीन हिंगोलीचे मुख्य खरीप पीक बनले. या पिकाला साचलेले पाणी सोसत नाही आणि शेंगा भरताना ताणही सोसत नाही. दुसरा बदल म्हणजे ट्रॅक्टर. बैलजोडी कमी होत गेली आणि भाड्याचा ट्रॅक्टर गावोगावी आला. आता वरंबा पाडायला वेगळा गाडा नको होता. पेरणी यंत्रालाच सरी पाडणारे फाळ जोडले, की पेरणी आणि वरंबा एकाच फेरीत होऊ लागले.

हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था, अकोल्याचे व परभणीचे कृषी विद्यापीठ यांनी अशा यंत्रांवर काम केले. २०१० नंतरच्या दशकात कृषी विभागाने ‘बीबीएफ’ या नावाने त्यांचा प्रसार केला. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. पाच हजारांहून अधिक गावांच्या या प्रकल्पात हिंगोली जिल्हाही होता. त्यात केवळ यंत्राला अनुदान देऊन काम थांबले नाही. शेतीशाळा भरवल्या गेल्या आणि शेतकरी गटांना भाड्याने अवजारे देणारी केंद्रे उभारायला मदत मिळाली. यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही ते वापरता यावे, हा त्यामागचा विचार. तीस वर्षांपूर्वी नेमका हाच दुवा नव्हता.

शेतकऱ्यानेही तंत्र जसेच्या तसे घेतले नाही. वसमतकडच्या हळद उत्पादकाला गादीवाफा परिचयाचा होताच. ज्याच्याकडे यंत्र नाही, तो पट्टा पेर करतो. ठरावीक ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवायची आणि डवऱ्याला दोरी गुंडाळून तेथे सरी ओढायची. कोणी वरंब्यावर हाताने सोयाबीन टोकतो. प्रयोगशाळेच्या मापात ही रचना काटेकोर बसणार नाही, पण पाण्याला वाट मिळते. इथिओपियाच्या काळ्या जमिनीतही १९८० च्या दशकात असेच घडले. आंतरराष्ट्रीय संस्था आणि तेथील स्थानिक संस्था यांनी मिळून, गावातलेच दोन देशी नांगर जोडून वरंबे पाडणारे अवजार बनवले. त्याचा प्रसार अडखळतच झाला, पण दुरुस्तीसाठी शहर गाठण्याची अडचण तरी टळली.

या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. शोध लागणे आणि तो रुजणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली शास्त्रज्ञांच्या हाती असते. दुसरीसाठी विद्यापीठ, शासन, कारागीर, कर्ज देणारी संस्था आणि शेतकरी यांना एकत्र यावे लागते, आणि त्यात शोधाचे रूपही बदलते. धोरणाने अवजाराला पैसे द्यावेत, पण त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेला विसरू नये.

प्रश्न अर्थातच संपलेले नाहीत. १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा हिंगोलीतही उभी पिके पाण्याखाली गेली. अशा पावसापुढे एकट्या शेतातली सरी अपुरी पडते. सरीतले पाणी शेवटी शेजाऱ्याच्या रानातून नाल्याला मिळते, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा बांधाचा प्रश्न तसाच आहे. पेरणीच्या चार-आठ दिवसांत सर्वांनाच यंत्र हवे असते आणि लहान शेतकऱ्याचा क्रमांक शेवटी लागतो. शिवाय एकाच पिकावर भिस्त ठेवलेली शेती कितपत टिकाऊ म्हणावी, हेही विचारायला हवे.

शिक्षकांना यातून एक छोटा प्रयोग करता येईल. पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे दोन सारखे पसरट ट्रे घ्या. दोन्हींच्या एका बाजूला तळाशी भोक पाडा व काळी माती भरा. एकात ती सपाट ठेवा, दुसऱ्यात मध्ये वरंबा करून कडेने भोकाकडे उतरणारी सरी ठेवा. दोन्हींत सोयाबीनचे वीस-वीस दाणे पेरा आणि रोज मोजून सारखेच, थोडे जास्तच पाणी द्या. किती दाणे उगवले आणि बाहेर आलेले पाणी किती गढूळ होते, याची नोंद आठवडाभर ठेवा. सोबत मुलांना घरी विचारायला सांगा, आपल्या गावात तिफण कधी थांबली, सोयाबीन कधी आले, वरंब्यावरची पेरणी प्रथम कोणी केली आणि का. शक्य असेल तर कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला वर्गाची भेट ठेवा. मुलांनी आणलेली उत्तरे वर्षांनुसार फळ्यावर मांडली, की गावाचा तंत्रज्ञानाचा इतिहास तयार होईल. तो अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.