रंगविलेलें सैन्य आणि पडलेला बुरुज

दिवाळीच्या दिवसांत चिंचवडपासून चाकणपर्यंत अनेक घरांपुढें मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांवर मोहरी पेरून हिरवळ उगवितात व रंगविलेले मावळे मांडतात. वरवर पाहतां ही मुलांची करमणूक. परंतु इवलेंसें सैन्य घडवून त्यावर रंग चढविण्याच्या कलेला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो समजून घेण्यास चाकणइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल.

युरोपांत असें सैन्य युद्धशास्त्राच्या अभ्यासासाठीं पटावर आलें. प्रशियाचा तरुण लष्करी अधिकारी राइसविट्झ यानें १८२४ सालीं नकाशावर ठोकळे मांडून लढाई शिकण्याची पद्धति सिद्ध केली. ठोकळे लाल व निळे असत. कोण कोणत्या पक्षाचा हें कळावें, एवढेंच रंगाचें काम होतें. १८९३ सालीं लंडनच्या ब्रिटन कंपनीनें शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची रीत काढली, आणि झगझगीत गणवेषांतील पलटणी मध्यमवर्गीय घरांत शिरल्या. त्यांच्याच लढायांचे नियम सांगणारें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केलें. मंगळावरून आलेल्या स्वारीची, १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघालेली कादंबरी ज्यांनीं लिहिली, तेच हे वेल्स. खऱ्या युद्धापेक्षां हें लुटुपुटीचें युद्ध शतपटीनें बरें, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें.

कल्पनेंतील भविष्यकाळाचीं सैन्यें पटावर आलीं तीं पुष्कळ नंतर. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील अवकाशयानें धुळकट, पोचे पडलेलीं व वापरून जुनीं झालेलीं होतीं. म्हणूनच तीं खरीं वाटलीं. १९८७ सालीं ब्रिटनमध्यें ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ निघाला, आणि बोटाएवढ्या शिपायांवर झीज रंगविण्याची कला पुढें चांगलीच फोफावली. आधीं अस्तराचा हात देतात, मग मूळ रंग. त्यावर पातळ काळसर रंग सोडला म्हणजे तो खांचाखोंचांत उतरतो. स्पंजाच्या तुकड्यानें कडांवर टवके उमटवितात, आणि तपकिरी व नारिंगी छटांनीं गंज दाखवितात.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या मोटार-कारखान्यांत रंगाचा हेतु नेमका उलट असतो. तेथें पत्र्याला गंज शिवूं नये म्हणून थरावर थर चढवितात. तथापि दोन्ही कारागिरांना एकच गोष्ट ठाऊक असावी लागते, ती म्हणजे पाणी कोठें सांचतें आणि रंग कोठें घासला जातो. हें न जाणतां टाकलेला डाग निव्वळ शोभेचा. कारण जाणून टाकलेला डाग मात्र घडलेली हकीकत सांगतो.

चाकणचा भुईकोट, म्हणजे संग्रामदुर्ग, अशीच हकीकत सांगतो. १६६० च्या जून महिन्यांत शाएस्ताखानानें त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें ऐन पावसाळ्यांत जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजविला. अखेर ऑगस्टमध्यें मोगलांनीं एका बुरुजाखालीं सुरुंग लावून तो उडविला. तरीहि रक्षकांनीं आंतल्या मातीच्या आडोशामागून ती रात्र लढून काढली, आणि मगच किल्ला शत्रूच्या स्वाधीन केला. शिवाजी महाराजांनीं या पराभवाबद्दल फिरंगोजीस दोष दिला नाहीं. उलट त्याचा सन्मानच केला.

मुलांच्या किल्ल्यांवरील बुरुज बहुधा शाबूत असतात व मावळ्यांचे अंगरखे स्वच्छ असतात. उत्सवाला तें शोभतें. परंतु एखाद्या दिवाळींत संग्रामदुर्ग करावयाचा झाल्यास एक बुरुज पाडावा लागेल, त्याच्यामागें मातीचा बांध घालावा लागेल, आणि त्या बांधाआडच्या मावळ्यांचे अंगरखे आषाढ-श्रावणांतल्या चिखलानें माखावे लागतील.