फायब्रिनोजेनचे मोजमाप : तराजूपासून घड्याळापर्यंत

लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय १९११ मध्ये सुरू झाले, तेव्हा फायब्रिनोजेन हे नाव वैद्यकाला नवे नव्हते. रक्तद्रवात विरघळलेले हे प्रथिन थ्रॉम्बिनच्या क्रियेने तंतुरूप होते आणि त्या तंतूंच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. स्वीडनच्या ओलोफ हॅमरस्टेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. तरीही शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबत नसेल, तर रुग्णाच्या रक्तात हे प्रथिन किती उरले आहे, हे वेळेत सांगणारे साधन कोणत्याही शल्यचिकित्सकाजवळ नव्हते.

आरंभीची पद्धत तराजूची होती. रक्तद्रवाची गुठळी करायची, ती धुऊन वाळवायची आणि तिचे वजन करायचे. १९५१ मध्ये रॅटनॉफ आणि मेन्झी यांनी थोड्या रक्तद्रवावर भागेल अशी रासायनिक पद्धत मांडली. तरी उत्तर हाती येईपर्यंत रक्तस्राव थांबून राहत नसे.

१९५७ मध्ये क्लाउस यांनी जर्मन भाषेतील लेखात वेगळी वाट दाखवली. रक्तद्रव सुमारे दहापट विरळ करून त्यात थ्रॉम्बिन मुबलक घातले, तर गुठळी किती लवकर होते हे मुख्यतः फायब्रिनोजेनवरच अवलंबून राहते. प्रथिन जितके कमी, तितका वेळ अधिक. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून पाहिले की सेकंदांवरून ग्रॅम कळतात. तराजूची जागा घड्याळाने घेतली. निरोगी प्रौढात हे प्रमाण साधारणपणे लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असते. पुढे १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रमाणनमुना ठरवला आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका मापाने तपासता येऊ लागले.

या आकड्याचे मोल १९९५ मध्ये फिनलंडमधील एका अभ्यासाने स्पष्ट केले. मोठ्या शस्त्रक्रियेत वाहून गेलेल्या रक्ताची भरपाई तांबड्या पेशी व कृत्रिम द्रवांनी केली, तर गोठणाच्या घटकांपैकी धोक्याच्या पातळीवर सर्वांत आधी पोहोचते ते फायब्रिनोजेन. २००७ मधील फ्रेंच अभ्यासात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात २ ग्रॅम किंवा त्याहून कमी पातळी ही गंभीर स्थितीची पूर्वसूचना ठरली.

मात्र शस्त्रक्रियेतील रक्त हे निरोगी माणसाचे रक्त नसते. हृदयशस्त्रक्रियेत दिलेले हेपारिन अतिशय जास्त असेल, तर गुठळीला विलंब होतो आणि प्रथिन आहे त्याहून कमी भासते. उलट, स्टार्चयुक्त द्रव दिला असेल, तर प्रकाशावर चालणारी काही यंत्रे आकडा फुगवून दाखवतात. म्हणजे प्रथिन खरोखर घटलेले असताना अहवाल निर्धास्त करतो.

दुसरा मार्ग क्लाउस यांच्याही आधीचा आहे. हायडेलबर्गच्या हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये गुठळीचा घट्टपणा रेखाटणारे उपकरण मांडले. त्याच्या आधुनिक रूपांत बिंबाणूंचा प्रभाव रोखून फायब्रिनचा वाटा काही मिनिटांत कळतो. परंतु ते घट्टपणाचे माप आहे, प्रथिनाच्या वजनाचे नव्हे.

लखनौ असो वा मुंबई, क्रायोप्रेसिपिटेट द्यावे की नाही हा निर्णय आज याच आकड्यांच्या आधारे होतो. आकडा खोटा चढला तर रुग्ण रक्त गमावत राहतो. खोटा उतरला तर दात्यांचे रक्त विनाकारण खर्ची पडते. म्हणूनच अहवाल वाचताना आकड्याइतकीच त्यामागची पद्धतही वाचावी लागते.