खाऱ्या पाण्याची छोटी टाकी : मासे, कोळंबी सोडताना

खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरली की लगेच मासे सोडायची घाई होते. तिथेच घात होतो. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया संपवणारे जिवाणू दगड-वाळूत वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकावे. अमोनिया, नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर आले, की टाकी तयार झाली समजावे.

पाण्याची सापेक्ष घनता 1.025 आणि तापमान 25-26 अंश असावे. दुकानातून आणलेली पिशवी 15-20 मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेऊन त्यात बारीक नळीने टाकीचे पाणी थेंब-थेंब सोडावे. माशाला अर्धा तास पुरतो. कोळंबी, गोगलगायीला खारटपणातला फरक सोसत नाही, त्यांना तासभर द्यावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पाणी कमी असल्याने चूक लवकर भोवते. म्हणून एका वेळी एकच मासा सोडावा. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध या टाकीत नको, त्याने कोळंबी मरते.

गोवा-मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रघोडे आणू नयेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.