तारापूरचे इंधन आणि कराराचे वाचन

एखाद्या देशाने आपल्या भूमीवर युरेनियम समृद्ध करावे की नाही, हा प्रश्न निघाला की आज आपल्यासमोर इराण उभा राहतो. नतान्झ, फोर्दो, इस्फहान ही नावे जून २०२५ मधील हल्ल्यांनंतर मराठी वृत्तपत्रांच्या वाचकालाही परिचयाची झाली. या वादाचा एक जुना अध्याय मात्र आपल्या अगदी शेजारी घडला आहे. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत सह्याद्री उतरावा, बोईसर ओलांडावे, की समुद्राच्या काठाला तारापूरचे अणुवीजकेंद्र लागते. १९७४ नंतर सुमारे दोन दशके भारत आणि अमेरिका या दोन देशांमध्ये या केंद्राच्या इंधनावरून जो वाद चालला, त्यात तंत्रज्ञान होते, राजकारण होते. पण मुळाशी होते ते वाचन. एकाच कराराचा मजकूर दोन पक्षांनी दोन रीतींनी वाचला. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणाकडे वळावे, याचे कारण हेच.

आधी शब्दाविषयी थोडेसे. 'समृद्ध' हा आपल्याकडे धान्याच्या कणगीचा, भरल्या घराचा, फार तर भाषेचा शब्द. युरेनियमच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी कोरडा आहे. नैसर्गिक युरेनियमच्या हजार भागांत जेमतेम सात भाग विखंडनक्षम असतात. त्यांचे प्रमाण वाढवत नेणे म्हणजे समृद्धीकरण. तारापूरसारख्या भट्टीला दोन-अडीच टक्के पुरतात, तर अण्वस्त्रासाठी ते नव्वदच्या घरात न्यावे लागते. यंत्र तेच आणि वाटही तीच, फरक किती पुढे जायचे एवढाच. साऱ्या जगाचा संशय या एका वाटेवर रोखलेला आहे.

होमी भाभांच्या मूळ योजनेत भारताची वाट वेगळी होती. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या उभारायच्या, म्हणजे समृद्ध इंधनासाठी कोणाच्या दारात उभे राहायला नको. तारापूर हा त्याला अपवाद ठरला. अमेरिकी कर्ज, जनरल इलेक्ट्रिकच्या तयार भट्ट्या, आणि अणुवीज परवडते हे लवकर सिद्ध करण्याची निकड, यांतून ऑगस्ट १९६३ मध्ये करार झाला. त्याची मुदत तीस वर्षांची होती. अमेरिकेने समृद्ध युरेनियम पुरवायचे आणि भारताने या केंद्रासाठी फक्त तेच वापरायचे. ऑक्टोबर १९६९ पासून वीज मिळू लागली. इंधनाच्या जुळण्या पुढे हैदराबादला होऊ लागल्या, परंतु त्यांतला समृद्ध ऐवज सातासमुद्रापलीकडूनच येत राहिला.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यात समृद्ध युरेनियम नव्हते आणि तारापूरचा तर कणही नव्हता. तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टीत तयार झालेले प्लुटोनियम त्यात होते. भट्टी कॅनडाने दिलेली, जड पाणी अमेरिकेचे, आणि त्या जड पाण्याच्या १९५६च्या करारात ते शांततामय कामासाठीच वापरावे अशी अट होती. भारताने स्फोटालाच 'शांततामय' हे विशेषण लावले. अटीचा भंग झाला की अटीचे पालन झाले, हे मग एका विशेषणाच्या व्याप्तीवर ठरणार होते. माझ्या मते भारताचे वाचन अक्षरशः टिकणारे आणि आशयाने लंगडे होते. मात्र करार लिहिणाऱ्यांनी तो शब्द इतका सैल का सोडला, हा प्रश्न समोरच्या पक्षालाही विचारला पाहिजे. कॅनडाने पुढे सहकार्य तोडले. अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट बांधला गेला, तोही याच स्फोटाच्या धक्क्यातून.

या वेळी परराष्ट्र खात्याची सूत्रे एका मराठी माणसाकडे आली. नाशिकने १९६३ मध्ये, म्हणजे तारापूरच्या कराराच्याच वर्षी, लोकसभेवर बिनविरोध पाठवलेले यशवंतराव चव्हाण ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. तेव्हा त्यांचा मतदारसंघ सातारा होता. त्याच महिन्यात किसिंजर दिल्लीला आले आणि दोघांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या. स्फोटाला पाच महिने झालेले असताना संबंध तुटू न देणे, एवढेच त्या घडीचे काम होते आणि ते झाले.

खरा पेच १९७८ मध्ये पडला. जानेवारीत कार्टर दिल्लीत असताना, मोरारजी देसाईंना थंड आणि अगदी रोखठोक पत्र पाठवायला हवे, असे त्यांनी आपल्या परराष्ट्रमंत्र्याला सांगितले आणि ते चालू ध्वनिक्षेपकाने टिपले. मार्चमध्ये अमेरिकेचा अण्वस्त्र-प्रसारबंदी कायदा आला. ज्या देशाची सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला दोन वर्षांच्या सवलतीनंतर इंधन द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. भारताचे म्हणणे साधे होते : १९६३ मध्ये दिलेला शब्द १९७८ मध्ये एका पक्षाने केलेल्या कायद्याने कसा बदलतो? तारापूर तर पहिल्यापासून तपासणीखाली होतेच. पुन्हा स्फोट करणार नाही, असे मोरारजींनी जाहीर केले, परंतु सगळी दारे उघडण्यास त्यांनीही नकार दिला. मोरारजी अण्वस्त्रांचे मनापासून विरोधक होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या नकाराचे वजन कळते.

मे १९८०मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ३८ टन इंधनाची परवानगी एकमताने नाकारली. कार्टर यांनी तो निर्णय बाजूला सारला. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, आणि भारताला दुखावणे तेव्हा परवडणारे नव्हते. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी कार्टर यांच्या विरोधात कौल दिला, पण सप्टेंबरमध्ये सिनेटने ४८ विरुद्ध ४६ असा तो तारला. दोन मतांचे अंतर! बोईसरच्या किनाऱ्यावरच्या भट्ट्यांचे भवितव्य इतक्या दूर आणि इतक्या बारीक धाग्यावर टांगलेले होते. ही तडजोड टिकली नाहीच. जुलै १९८२मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत तोडगा निघाला : करार कायम, तपासणी कायम, इंधन मात्र फ्रान्स देईल.

इथे इराणकडे पुन्हा वळावे लागते. शहाच्या काळात इराणने फ्रान्समधील 'युरोडिफ' या समृद्धीकरण प्रकल्पात भागीदारी घेतली होती आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरचे कर्जही दिले होते. १९७९च्या क्रांतीनंतर त्याला समृद्ध युरेनियम मिळाले नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, म्हणून यंत्रे आमच्याच भूमीवर हवीत, हा इराणचा युक्तिवाद या अनुभवाचा दाखला देत आला आहे. ज्या दशकात फ्रान्सने तारापूरला तारले, त्याच दशकात तेहरानशी त्याचे या पैशावरून भांडण चालू होते. फरक अर्थातच मोठा आहे : इराणने प्रसारबंदी करारावर सही केली आहे, भारताने कधीच केली नाही. इराणने नतान्झ दडवून ठेवले आणि ते २००२ मध्ये उघडकीस आले, ही बाबही दृष्टीआड करता येत नाही. तरीसुद्धा सप्टेंबर २००५ मध्ये व्हिएन्ना येथे भारताने इराणविरुद्ध मत दिले, तेव्हा अमेरिकेशी अणुसहकार्याची बोलणी सुरू होऊन दोन महिने झाले होते. तारापूरचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला त्या मतदानाची वार्ता सहज गिळता येऊ नये.

नंतर चीनने इंधन दिले, मग रशियाने. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पोफरण आणि पोखरण यांत एका अक्षराचा फरक, पण पोफरणचे नाव वॉशिंग्टनच्या कोणत्या चर्चेत आले असेल असे वाटत नाही. या नव्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात.

आणखी एक कलम उरले. वापरलेल्या अमेरिकी इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी संयुक्त निर्णय करावा, असे १९६३चा करार सांगत होता. भारताने त्यात आपला हक्क वाचला, अमेरिकेने आपला नकाराधिकार. निर्णय कधीच झाला नाही. २४ ऑक्टोबर १९९३ रोजी मुदत संपली, तेव्हा ते इंधन तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत तसेच पडून होते.