काळी, खंड्या आणि वाघ्या : मुक्या सोबत्यांच्या स्मृतीचा इतिहास

१/
घरातील कुत्रा किंवा मांजर गेल्यावर माणसाच्या वाट्याला दुहेरी दुःख येते. एक त्याच्या जाण्याचे आणि दुसरे ते दुःख चारचौघांत मांडता न येण्याचे. त्याला सुतक नाही, दहावा नाही, भेटायला येणारे नातलग नाहीत. ‘दुसरा आणा’ हा सल्ला मात्र त्याच दिवशी मिळतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला एक संज्ञा दिली. तिचा आशय असा : समाजाने ज्याचा हक्कच मान्य केलेला नाही, तो शोक. मराठी मुलुखात हा हक्क कधीच मान्य नव्हता काय? या प्रश्नाचा शोध नागपूरपासूनच सुरू करता येतो.

२/
नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर (हिंगणा) या ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आढळतात. ही बृहत्पाषाणयुगीन दफने. ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, म्हणजे लोखंड वापरणाऱ्या लोकांची. जुनापाणीच्या शिळांवरील वाटीसारख्या खळग्यांविषयी रिव्हेट-कारनॅक यांनी १८७९ मध्येच लिहिले होते. पुढे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा आणि माहुरझरी (१९७०-७२) येथे उत्खनने केली.

३/
या वर्तुळांत मृत माणसांसोबत घोड्यांचेही अवशेष मिळाले. घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकार, लगामाच्या लोखंडी कड्या आणि शेजारी शस्त्रे. आजचा वाचक हे ऐकताच हळवा होतो. धन्याने आपल्या लाडक्या घोड्याला सजवून शेजारी निजवले, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

४/
परंतु हाडांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा काही घोड्यांच्या हाडांवर शस्त्राने कापल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे घोडा आपल्या मरणाने मेला नव्हता. धनी मेला म्हणून त्याला मारण्यात आले होते, असा अर्थ अभ्यासक लावतात. घोडा मोलाचा होता, प्रतिष्ठेचा होता, कदाचित लाडकाही होता. पण त्या वर्तुळातला शोक घोड्यासाठी नव्हता. तिथे घोडा हा शोकातील अर्पण होता. सन्मानाने पुरलेला प्राणी आणि ज्याच्यासाठी कुणी रडले तो प्राणी, हे दोन्ही एकच असतील असे नाही.

५/
मग जिव्हाळ्याचा पुरावा ओळखायचा कसा? याचे एक उत्तर तांबड्या समुद्राच्या काठी मिळते. इजिप्तमधील बेरेनिके हे रोमन काळातील बंदर. भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे एक प्रमुख ठाणे. तेथे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील एक प्राणिदफनभूमी सापडली. त्यात शेकडो मांजरे आहेत, कुत्री आहेत आणि भारतातून जहाजाने नेलेली माकडेही आहेत. काहींच्या गळ्यात पट्टे व मणी होते. मुख्य म्हणजे, कापल्याच्या खुणा नाहीत.

६/
बेरेनिकेतील काही प्राणी म्हातारे होते, दात गमावलेले होते, आजारी होते. स्वतःहून अन्न मिळवणे त्यांना शक्य नव्हते. वाळवंटातल्या त्या बंदरात, जिथे अन्न बाहेरून आणावे लागे, कुणीतरी त्यांना खाऊ घालत होते. त्यांचा उपयोग संपला होता, तरी त्यांना जगवले जात होते. अलंकार श्रीमंती सांगतात. म्हातारपणी केलेली सेवा नाते सांगते. हीच कसोटी हाती घेऊन आता दख्खनकडे वळू.

७/
राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचे नाव विदर्भाला परके नाही. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळालेला त्याचा ताम्रपट शके ८६२ (इ. स. ९४०) मधला. आपला भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी त्याने ‘नागपूर-नंदिवर्धन’ विभागातील एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. नागपूर हे नाव लेखात येते, त्याचा हा फार जुना दाखला. एका माणसाच्या पुण्यासाठी दुसऱ्याने दिलेली जमीन! स्मृती टिकवण्याची ही त्या काळातील सर्वमान्य रीत होती.

८/
याच कृष्णाच्या कारकिर्दीत, अवघ्या दहा वर्षांनी, कर्नाटकातील मंड्याजवळच्या आतकूर येथे तीच रीत एका कुत्र्यासाठी वापरली गेली. तक्कोलमच्या लढाईत (इ. स. ९४९) कृष्णाचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग याने चोळ राजपुत्र राजादित्य याला ठार केले. त्या युद्धात बूतुगाचा सेवक मणलेर याने पराक्रम गाजवला. खूश झालेल्या राजाने ‘माग, काय हवे ते’ म्हटले. मणलेराने राजाचे ‘काळी’ नावाचे शिकारी श्वान मागून घेतले.

९/
पुढे एका मोठ्या रानडुकरावर काळीला सोडले गेले. झुंजीत डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वर मंदिरापुढे तिच्या स्मृतीसाठी शिळा उभारली आणि तळ्याखालची जमीन लावून दिली. त्या शिळेवर श्वान आणि वराह यांची झुंज कोरलेली आहे. युद्धात पडलेल्या वीरांसाठी वीरगळ उभारायचा, त्या प्रथेत एक श्वानही सामावले गेले. ही शिळा आज बंगळूरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे.

१०/
शिलालेखाचा शेवट विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या गोरवाने या शिळेची पूजा केल्याशिवाय जेवू नये. जेवल्यास त्याला त्या श्वानाचे पाप लागेल, असे त्यात बजावले आहे. मणलेराने केवळ दगड उभारून हात झटकले नाहीत. दररोज, जेवणाआधी, कुणीतरी काळीची आठवण काढेल, अशी सोय त्याने केली. त्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावले. शोकाला जागा, नाव आणि नित्यक्रम या तिन्ही गोष्टी त्याने मिळवून दिल्या.

११/
आता अठराव्या शतकातील सातारा. छत्रपती शाहू महाराज (कारकीर्द १७०८-१७४९) शिकारीचे शौकीन होते. शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवणारा कुत्रा म्हणजे खंड्या. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात याविषयी लिहिले आहे. महाराजांनी या कुत्र्याला जहागिरीची रीतसर सनद दिली, पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा सरंजामही ठेवला गेला.

१२/
एकदा दोन मराठा सरदारांच्या भेटीसाठी भरलेल्या दरबारात शाहूंनी कुत्र्याला जरीची, रत्नजडित वस्त्रे घालून आपली पगडी त्याच्या मस्तकावर ठेवली, असेही डफ सांगतो. डफला हा सारा प्रकार लहरीपणाचा वाटला. पण पालखी, सनद, जहागीर हीच तर त्या राज्यातील कृतज्ञतेची अधिकृत भाषा होती. जीव वाचवणाऱ्या सरदाराला जे मिळाले असते, तेच शाहूंनी खंड्याला दिले. वाढायची पंक्ती तीच होती, पाहुणा तेवढा वेगळा होता.

१३/
या शिकारीच्या छंदाशी नागपूरचाही धागा जुळतो. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचे संस्थापक पहिले रघुजी हे निष्णात शिकारी होते आणि शिकारीतील सोबतीमुळेच ते शाहूंच्या विशेष मर्जीत आले, असे डफ नोंदवतो. शाहूंनी आपल्या एका राणीच्या नात्यातील मुलीशी त्यांचा विवाह लावून दिला. ज्या रानवाटांवर खंड्याने नाव कमावले, तशाच वाटांवरून नागपूरच्या राज्याचा मार्गही गेला होता.

१४/
साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. शाहू महाराजांची समाधी तेथे आहे आणि त्याच परिसरात खंड्याचीही. घाटावर येणाऱ्या कित्येकांना ती कुणाची, हे ठाऊक नसते. लेखी उल्लेख आहे, सनदेची हकीकत आहे, दगडातली खूण आहे. तरीही खंड्याची आठवण सातारा परिसराबाहेर फारशी गेली नाही.

१५/
याउलट, रायगडावरील वाघ्या अवघ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शिवछत्रपतींच्या चितेत त्यांच्या कुत्र्याने उडी घेतली, ही ती कथा. शिवकालीन साधनांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असे अनेक इतिहास-अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कथेला बळ मिळाले ते विसाव्या शतकात. राम गणेश गडकरी यांनी आपले ‘राजसंन्यास’ हे नाटक या कुत्र्याला अर्पण केले. ते नाटक अपूर्ण राहिले. जानेवारी १९१९ मध्ये नागपूरजवळच्या सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले.

१६/
रायगडावरील वाघ्याचे स्मारक १९३६ मधले. त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी देणगी दिली. देणगी मागायला मंडळी गेली, तेव्हा महाराजांचा स्वतःचा लाडका कुत्रा नुकताच गेला होता आणि त्या दुःखातच त्यांनी वाघ्यासाठी रक्कम दिली, अशी आठवण सांगितली जाते. ही आठवण खरी धरली, तर रायगडावरच्या त्या चौथऱ्यात एक खरा शोक आहे. मात्र तो १६८० मधला नसून विसाव्या शतकातला आहे.

१७/
२०१२ मध्ये हा पुतळा काही कार्यकर्त्यांनी उखडून टाकला आणि काही दिवसांतच तो पुन्हा बसवण्यात आला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी तो ३१ मेपूर्वी हटवण्याची मागणी केली. तिला विरोधही झाला. या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. ‘वाघ्या होऊन गेला काय?’ हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर साधनांनीच द्यायला हवे. ‘लोकांनी वाघ्या का जपला?’ हा समाजमनाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले, म्हणून दुसरा प्रश्न संपत नाही.

१८/
वाघ्याच्या कथेत कुत्रा धन्यासाठी मरतो. माहुरझरीचा घोडाही धन्यासाठीच मेला. माणसाला अशा निष्ठेच्या कथा आवडतात, कारण त्यांत शोक करण्याचे काम प्राण्याकडे जाते. खंड्या आणि काळी यांच्या हकिकतींत दिशा उलटी आहे. तिथे प्राणी आधी जातो आणि मागे राहिलेल्या माणसाने काय करायचे, हा प्रश्न उरतो. घरोघरी प्रत्यक्षात हेच घडते. कुत्र्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, माणसाचे त्याहून कितीतरी मोठे.

१९/
मग समाजाने या शोकाला विधी का दिला नाही? एक कारण असे दिसते की, कृतज्ञतेचा विधी जिवंतपणीच उरकला जाई. विदर्भातला पोळा हे त्याचे ठळक उदाहरण : बैलांचे खांदे शेकायचे, शिंगे रंगवायची, पुरणपोळी भरवायची. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर मुलांना लाकडी बैलांच्या निमित्ताने तीच शिकवण देतो. अपवाद संतकथेचा. जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानदेवांच्या वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आहे आणि लोक आजही तेथे माथा टेकतात.

२०/
शहरी घरात ना शेत राहिले, ना परसातले झाड. कुत्रा गेल्यावर त्याला पुरायचे कुठे, हा नागपूरसारख्या वाढत्या शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्यांपुढचा व्यावहारिक प्रश्न आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे पाळीव प्राण्यांसाठी दहनगृह सुरू केले, ते या गरजेतूनच. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८८१ मध्ये चेरी नावाच्या कुत्र्याच्या दफनाने प्राण्यांची दफनभूमी सुरू झाली, तेव्हाही अडचण हीच होती : जीव लावला, पण निरोप द्यायला जागा नाही.

२१/
कुत्र्यासाठी रडणे हे शहरी, पाश्चात्त्य फॅड आहे, असे कुणी म्हटले तर आतकूरची शिळा पुढे करावी. ती हजार वर्षांहून जुनी आहे. मणलेराकडे जमीन होती, शाहूंकडे सनद होती. सामान्य घराकडे यातले काही नसते. तरीही गळ्यातला पट्टा जपून ठेवणे, त्याच्या दिवशी रस्त्यावरच्या चार कुत्र्यांना भाकर घालणे, जेवणाआधी त्याचे नाव घेणे, हे कुणालाही करता येते. त्या गोरवालाही एवढेच करायला सांगितले होते : आधी आठवण, मग जेवण.