आफाकी ते शेजारी : बेळगाव-निपाणी परिसरातील परदेशीयांच्या सहवासाचा इतिहास

प्रास्ताविक

बेळगाव-निपाणी भागाचा विषय निघाला की मराठी आणि कन्नड या दोन भाषांचा वाद एवढेच आपल्यासमोर येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते स्वाभाविकही आहे. परंतु या भूभागाचा इतिहास दोन भाषांपुरता कधीच नव्हता. इराणी, तुर्क, हबशी, पोर्तुगीज, इंग्रज अशा अनेक देशांच्या माणसांशी येथील लोकांचा संबंध आला. परका माणूस शेजारी केव्हा झाला आणि केव्हा परकाच राहिला, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयांतील कितीतरी मुले घरी उर्दू, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलतात. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न त्यांना अधूनमधून ऐकावा लागतो. म्हणून हा विषय केवळ जुन्या काळापुरता नाही.

दरबारातील सहवास

पंधराव्या शतकात बहमनी राज्यात समुद्रापलीकडून आलेल्या उमरावांना 'आफाकी' आणि दख्खनमध्ये रुजलेल्यांना 'दख्खनी' म्हणत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये बीदरला पोहोचला, तेव्हा खुरासानी मंडळींचे तेथील वर्चस्व त्याच्या ध्यानात आले. त्या काळात राज्याचा कारभार महमूद गवान याच्या हाती होता. तो इराणमधील गिलान प्रांताचा, व्यापाराच्या निमित्ताने आलेला. गोवा त्याने जिंकले, बेळगावचा किल्लाही त्याच्याच काळात बहमनी राज्यात आला आणि बीदर येथे त्याने प्रसिद्ध मदरसा उभारला. पण १४८१ मध्ये विरोधी गटाने बनावट पत्राचा डाव रचला आणि सुलतानाने त्याला ठार करविले.

या संघर्षात हबशी सरदार बहुधा दख्खनी गटाच्या बाजूने असत. हबशी तर आफ्रिकेतून आलेले, म्हणजे जन्माने तेही परदेशीच. याचा अर्थ, कोण परका हे जन्मभूमीवरून ठरत नव्हते. सत्तेच्या वाटणीत कोण कोणत्या बाजूला आहे यावरून ठरत होते. बीदरच्या दरबारात अनेक देशांची माणसे रोज एकमेकांना भेटत होती, तरी अविश्वास कमी झाला नाही. केवळ भेटीगाठींनी मने जुळतात असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

असदखान लारी आणि बेळगाव

याच्याशी तुलना करण्यासारखे उदाहरण बेळगावातच आहे. आदिलशाहीतील मातब्बर सरदार असदखान लारी हा दक्षिण इराणमधील लार येथला. इस्माईल आदिलशहाने त्याला बेळगावची जहागीर दिली. किल्ल्यातील सफा मशीद त्याने १५१९ मध्ये बांधल्याचे तेथील फारसी लेखावरून समजते. मशिदीच्या खांबांवर त्याआधीच्या रट्ट आणि यादव राजवटींचे लेखही आहेत. जवळच १२०४ मधील कमल बस्ती हे जैन मंदिर उभे आहे. एकाच तटबंदीच्या आत इतक्या राजवटींच्या खुणा सापडतात, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्यासारखे आहे.

१५३४ मध्ये पहिला इब्राहिम आदिलशहा गादीवर आला. त्याने बहुतेक आफाकी सरदारांना नोकरीवरून दूर केले, परंतु असदखानाला ठेवले. १५४९ मध्ये असदखान मरण पावला. बेळगावच्या कॅम्प भागात आजही त्याच्या नावाचा दर्गा आहे. लारहून आलेल्या सरदाराचे नाव अशा प्रकारे गावच्या श्रद्धेचा भाग झाले.

हिशेबाची भाषा, घरची भाषा

याच इब्राहिमच्या कारकिर्दीत महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे आले. आदिलशाही मुलखाच्या आपल्या बाजूला देशी भाषा म्हणजे प्रामुख्याने मराठी. या निर्णयामागे राजकारण होते, हे उघड आहे. पण परिणाम राजकारणापेक्षा दूरवर गेला. इराणी वंशाचा अंमलदार आणि गावचा कुलकर्णी यांना एकाच कागदावर काम करावे लागले. दस्तऐवज, जमीन, वसूल, वकील, अर्ज हे शब्द याच व्यवहारातून मराठीत पक्के झाले.

देवाणघेवाण एका बाजूने झाली नाही. आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या दखनी उर्दूतील 'नक्को' हा मराठीच्या 'नको'वरून आला. जोर देण्यासाठी शब्दाला जोडला जाणारा 'च' हाही मराठीचाच. दिल्ली-लखनौच्या उर्दूत हे सापडत नाही. उर्दूच्या तासाला विद्यार्थी या शब्दांची लाज बाळगतात, असा आपणांपैकी अनेकांचा अनुभव असेल. वास्तविक परदेशातून आलेली घराणी या मातीत रुजल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

घाटापलीकडचे परराष्ट्र

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि बेळगावच्या घाटाखालीच एक युरोपीय सत्ता आली. त्यांच्याबरोबर अमेरिकेतील पिके आली, त्यांत तंबाखू होता. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुरात तंबाखू पाहिला आणि तो बादशहाकडे नेला, तेव्हा मोगल दरबाराला ती अपूर्वाईची वस्तू होती. पुढे हेच पीक निपाणीच्या काळ्या जमिनीत इतके रुजले की गावाची ओळखच त्यावर ठरली. निपाणीच्या वखारीत काम करणारी बाई किंवा विडी वळणारी कामगार रोज ज्याला हात लावते ते पान दुसऱ्या खंडातून आले आहे. चावी, पगार, पाव, बटाटा हे आपले शब्दही पोर्तुगीजच.

गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते. बेळगावकरांच्या दृष्टीने घाट उतरला की कायद्याने परराष्ट्र लागे. तिकडे सोयरिकी होत्या, भाजीपाल्याचा व्यापार होता, तिकडची मुले इकडे शिकत. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने नाकेबंदी कडक केली, तेव्हा हा नित्याचा व्यवहार अडला. रोज भेटणारा माणूस सरकारी कागदावर परदेशी ठरतो, हे या भागाने अगदी अलीकडे अनुभवले आहे.

सिद्दी समाजाचा प्रश्न

खानापूर तालुक्यात आणि शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांतील कित्येक गुलाम म्हणून आणले गेले. आज त्यांच्यात मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. भाषा कोकणी-मराठी वळणाची. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. लारहून आलेला सरदार एका पिढीत मान्यता पावला आणि पिढ्यानपिढ्या जंगलाकाठी राबणाऱ्यांना आजही चेहऱ्यावरून परदेशी समजले जाते. शेजारी म्हणून स्वीकारले जाण्यात संपत्ती आणि अधिकार यांचा वाटा किती मोठा असतो, हे यावरून कळते. आपल्या समाजाने याकडे डोळेझाक करू नये.

आजची स्थिती

२०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झालेल्या या शहरात परदेशी माणूस नवलाचा राहिलेला नाही. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या परिसरात मलेशियाचे विद्यार्थी शिकत आले आहेत. २०१० मध्ये मलेशियाच्या विद्यापीठाबरोबर स्वतंत्र वैद्यकीय अभ्यासक्रमही येथे सुरू झाला. लष्करी सरावासाठी २००८ मध्ये चिनी आणि २०२२ मध्ये जपानी सैनिक येथे आले. मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. यांपैकी किती जणांशी आपला विद्यार्थी चार वाक्ये बोलला असेल, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. मलेशियाची मुलगी आणि आपली मुलगी एकाच शहरात शिकतात, रमजानचे रोजेही दोघी ठेवतात, तरी ओळख होत नाही असे घडू शकते.

समारोप

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल की परक्याचा शेजारी होण्यास नुसता सहवास पुरत नाही. समान काम, समान भाषा आणि समान प्रतिष्ठा या तीन गोष्टी लागतात. बीदरच्या दरबारात सहवास होता, विश्वास नव्हता. हिशेबाच्या दप्तरात काम आणि भाषा दोन्ही एक झाल्या. सिद्दींच्या बाबतीत भाषा एक झाली, प्रतिष्ठा मिळाली नाही.

शिक्षक म्हणून आपल्याला करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. किल्ल्यातील लेख विद्यार्थ्यांना दाखवावेत. घरच्या दखनीतील मराठी शब्दांची यादी त्यांच्याकडूनच करवून घ्यावी. खानापूरच्या सिद्दी मुलांना वक्ते म्हणून वर्गात बोलवावे. 'तुम्ही मूळचे कुठले?' असे कोणी विचारले तर आपल्या विद्यार्थ्याला खाली मान घालावी लागू नये आणि त्यानेही हा प्रश्न दुसऱ्याला टोचण्यासाठी विचारू नये, इतके साधले तरी इतिहासाचे अध्यापन कारणी लागले असे समजावे.